एका ओळीचा पॅच: ड्रायव्हर आपलं हार्डवेअर कसं ओळखतो आणि ती ओळख तपासायची कशी

काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे तपासायला एक पॅच, म्हणजे कोडमधला सुचवलेला बदल, आला. बदल एका ओळीचा. लिनक्स कर्नलमधल्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या) एका सीरियल ड्रायव्हरच्या, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या कोडच्या, टेबलात नव्या यूएसबी मॉडेमचा नंबर जोडायचा, एवढंच काम. सोबत दोन वाक्यं: मॉडेम लावून पाहिला, पोर्ट दिसतात, एटी कमांडला (मॉडेमला द्यायच्या आज्ञांना) उत्तर येतं. असा पॅच वाचायला दहा सेकंद पुरतात, आणि बहुतेकदा त्याला तेवढेच मिळतात.

मी त्यावर अर्धा दिवस घालवला आणि प्रश्न विचारून तो परत पाठवला.

ड्रायव्हरचा खरा कस रजिस्टरं, इंटरप्ट, लॉकिंग अशा अवघड भागात लागतो आणि आयडीचं टेबल म्हणजे नुसती यादी, असं अनेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. टेबलातली प्रत्येक ओळ हा एक दावा असतो: या नंबरचं डिव्हाइस कुठल्याही मशीनला लागलं, की ते माझं. पॅच कर्नलमध्ये गेला की हा दावा असंख्य मशीनवर पोचतो. ज्यांनी तो पॅच कधी पाहिलेला नाही त्यांच्याही डिव्हाइसवर त्याचा अंमल चालतो. म्हणून तपासणाऱ्याने या दाव्याला पुरावा मागायचा असतो. पुरावा कुठला आणि तो कुठे शोधायचा, हे समजायला आधी जुळणी कशी होते ते पाहावं लागेल.

अठरा बाइटांची ओळख

कर्नलच्या लेखी प्रत्येक डिव्हाइस कुठल्या ना कुठल्या बसवर, म्हणजे जोडणीच्या मार्गावर, असतं: यूएसबी, पीसीआय (आतल्या कार्डांसाठी), आयटूसी (बोर्डवरच्या छोट्या चिपांसाठी) वगैरे. बसकडे दोन याद्या असतात. एक जोडलेल्या डिव्हाइसची, दुसरी हजर ड्रायव्हरची. नवं डिव्हाइस आलं की बस त्याला एकेका ड्रायव्हरपुढे उभं करते. नवा ड्रायव्हर आला की त्याच्यापुढे अजून कुणाच्या ताब्यात नसलेलं एकेक डिव्हाइस आणते. दर वेळी प्रश्न एकच, यांचं जमतं का? त्याचं उत्तर बसचं ‘मॅच’ हे फंक्शन देतं. जमलं तर ड्रायव्हरचं ‘प्रोब’ फंक्शन बोलावलं जातं. तिथे ड्रायव्हर डिव्हाइसला प्रत्यक्ष हात लावून पाहतो आणि ताबा घेतो किंवा नाकारतो.

मॅच कशावरून ठरतं? यूएसबी डिव्हाइस जोडल्यावर कर्नल त्याच्याकडून डिव्हाइस डिस्क्रिप्टर, म्हणजे त्याचं ओळखपत्र, मागवतो. तो बरोबर १८ बाइटांचा असतो. सीरियल केबलीत सर्रास सापडणाऱ्या एका चिपचा डिस्क्रिप्टर हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) साधारण असा दिसतो:

१२ ०१ ०० ०२ ०० ०० ०० ०८ ०३ ०४ ०१ ६० ०० ०६ ०१ ०२ ०३ ०१

पहिला बाइट लांबी सांगतो. हेक्समधले १२ म्हणजे आपले १८. नववा आणि दहावा बाइट पाहा: ०३ ०४. यूएसबीत लहान किमतीचा बाइट आधी येतो, म्हणून हा आकडा उलटा वाचायचा, ०४०३. हा व्हेंडर आयडी, एफटीडीआय कंपनीचा. पुढचे ०१ ६० म्हणजे ०१६० नव्हे, ६००१. हा प्रॉडक्ट आयडी. त्यापुढचे ०० ०६ म्हणजे आवृत्ती ६.००. व्हेंडर आयडी यूएसबी-आयएफ ही संस्था कंपनीला देते, प्रॉडक्ट आयडी कंपनी स्वतः ठरवते. ड्रायव्हरच्या टेबलात ०४०३:६००१ अशी एंट्री असेल तर जुळलं.

इथे तपासणाऱ्यासाठी पहिला सापळा आहे. हे आकडे कर्नलच्या रचनेत यूएसबीच्या क्रमानेच साठवलेले असतात, प्रोसेसरच्या क्रमाने नव्हे. ड्रायव्हरच्या लेखकाने प्रोबमध्ये ‘प्रॉडक्ट आयडी अमुक असेल तर’ अशी थेट तुलना लिहिली आणि क्रम बदलून घ्यायचं विसरला, तर नेहमीच्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत चालतं, कारण त्याचा क्रम योगायोगाने तोच असतो. उलट क्रमाच्या प्रोसेसरवर मात्र ती अट कधीच खरी ठरत नाही. स्पार्स हे तपासणी-साधन अशा तुलना पकडून देतं, पण ते चालवलं तर.

पीसीआयवरही गोष्ट अशीच, तपशील वेगळे. कॉन्फिगरेशन स्पेसचे पहिले दोन बाइट व्हेंडर, पुढचे दोन डिव्हाइस. इंटेलचा व्हेंडर आयडी ८०८६ आहे. त्या जागी वाचल्यावर सगळे एफ आले, म्हणजे एफएफएफएफ, तर तिथे कुणी नाही. पीसीआयमध्ये सबव्हेंडर आणि सबडिव्हाइस हे आणखी दोन आकडे असतात, म्हणजे चिप एका कंपनीची आणि ती बसवलेलं कार्ड दुसऱ्या कंपनीचं, हा फरक टेबलात मांडता येतो.

आयटूसी आणि चिपच्या आतली बहुतेक हार्डवेअर ब्लॉक्स मात्र मुकी असतात. ती आपण होऊन ओळख सांगत नाहीत. तिथे डिव्हाइस ट्री (बोर्डवर काय कुठे आहे याची लिहिलेली यादी) किंवा फर्मवेअरने दिलेलं एसीपीआय टेबल कर्नलला सांगतं की अमुक पत्त्यावर अमुक आहे. म्हणजे तिथला दावा हार्डवेअरचा नसून ते वर्णन लिहिणाऱ्या माणसाचा असतो. डिव्हाइस ट्रीमध्ये ‘कंपॅटिबल’ म्हणून नावांची माळ असते, सर्वांत नेमकं नाव आधी, सर्वसाधारण नाव शेवटी. नव्या चिपसाठी जुन्या चिपचंच नाव वापरलेलं दिसलं की मी लगेच थांबवते. आज दोन्ही चिपा सारख्या वागत असतील, पण उद्या नव्या चिपमध्ये दोष सापडला तर तिला वेगळं काढायला नावच उरत नाही.

एका मॉडेमचे सहा तुकडे

आता परत त्या पॅचकडे. यूएसबीत एक गोष्ट नव्या माणसाच्या लक्षात लवकर येत नाही: बहुतेक ड्रायव्हर आख्ख्या डिव्हाइसला जोडले जात नाहीत, इंटरफेसला, म्हणजे डिव्हाइसमधल्या एकेका कामाच्या भागाला, जोडले जातात. एका मॉडेममध्ये सहज सहा इंटरफेस असतात. ० क्रमांकावर डायग्नॉस्टिक पोर्ट, मग दोन एटी पोर्ट, मग जीपीएसचा पोर्ट, ४ क्रमांकावर नेटवर्कचा इंटरफेस, ५ वर डीबगिंगचा. प्रत्येकासाठी मॅच स्वतंत्रपणे होतं, आणि प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा असू शकतो.

पॅचमधली ओळ फक्त व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडीवर जुळणारी होती. इंटरफेसबद्दल एक शब्द नाही. म्हणजे सीरियल ड्रायव्हरचा दावा सहाच्या सहा इंटरफेसवर. नेटवर्कचा ४ क्रमांकाचा इंटरफेसही त्यात आला, आणि त्यावर नेटवर्क ड्रायव्हरचा हक्क होता.

मग पॅच पाठवणाऱ्याला चुकीचं काही दिसलं कसं नाही? यूएसबी आणि पीसीआयमध्ये ‘जास्त नेमका ड्रायव्हर जिंकेल’ असा नियम नाही. ज्याने आधी येऊन प्रोब यशस्वी केलं, ताबा त्याचा. मॉड्यूल (गरजेनुसार लोड होणारे ड्रायव्हर) लोड होण्याचा क्रम त्या दिवशी नेटवर्क ड्रायव्हरच्या बाजूने पडला, तर सगळं व्यवस्थित. दुसऱ्या दिवशी सीरियल ड्रायव्हर आधी आला, तर पोर्ट दिसतात, एटी कमांडला उत्तरही येतं, नेटवर्क मात्र उगवतच नाही. असा दोष रिपोर्ट करणाऱ्याच्या नशिबी हाल असतात. ‘कधीकधी चालतं’ या तक्रारीवर कुणाचा पटकन विश्वास बसत नाही.

अशा ड्रायव्हरांमध्ये यावर ठरलेला उपाय असतो. एंट्रीसोबत एक आकडा ठेवता येतो, ज्याचा एकेक बिट सांगतो की अमुक इंटरफेस राखीव आहे, त्याला हात लावू नकोस. प्रोब तो बिट पाहतो आणि ‘माझं डिव्हाइस नाही’ असं उत्तर देऊन बाजूला होतो. किंवा एंट्रीच अशी लिहायची की ती ठरावीक क्लासच्या (प्रकाराच्या) किंवा ठरावीक क्रमांकाच्या इंटरफेसलाच लागेल.

म्हणून मी पहिला प्रश्न विचारला तो हा: “या मॉडेमच्या सगळ्या इंटरफेसची यादी पाठवाल का? यूएसबी-डिव्हाइसेस या कमांडचं पूर्ण आउटपुट पॅचच्या वर्णनातच घाला.” मॉडेमच्या पॅचला हे आउटपुट मागणं आता रूढच झालंय, आणि ती रूढी मला फार मोलाची वाटते. त्यात प्रत्येक इंटरफेसचा क्रमांक, क्लास, सबक्लास, प्रोटोकॉल आणि सध्या त्यावर बसलेला ड्रायव्हर असं सगळं दिसतं. कोडची एक ओळ आणि त्याखाली हे दहा-पंधरा ओळींचं आउटपुट असलं, की दावा आणि पुरावा शेजारी शेजारी वाचता येतात. पाच वर्षांनी कुणी ही ओळ का आहे असं विचारलं तर उत्तर इतिहासात कायमचं नोंदलेलं असतं.

दुसरा प्रश्न: “हा प्रॉडक्ट आयडी कुठल्या अवस्थेतला?” काही मॉडेम जोडल्यावर आधी सीडी ड्राइव्ह म्हणून ओळख देतात, आतमध्ये विंडोजचं इन्स्टॉलर असतं. त्यांना एक संदेश पाठवला की ते स्वतःला यूएसबीवरून काढून पुन्हा जोडतात, या वेळी मॉडेम म्हणून, वेगळ्या प्रॉडक्ट आयडीने. पहिल्या अवस्थेतला आयडी चुकून टेबलात आला तर सीरियल ड्रायव्हर सीडी ड्राइव्हच्या गळ्यात पडतो.

टेबल वाचताना

टेबल वरून खाली वाचलं जातं आणि पहिली जुळणारी एंट्री घेतली जाते. उत्तम जुळणारी नव्हे, पहिली. समजा टेबलात वर एक ढोबळ एंट्री आहे, ‘या कंपनीचं कुठलंही डिव्हाइस, इंटरफेस क्लास एफएफ’, आणि खाली कुणी त्याच कंपनीच्या एका मॉडेलसाठी खास एंट्री जोडली, सोबत ‘४ नंबर राखीव’ असा आकडा देऊन. खालची ओळ कधीच वाचली जाणार नाही. वरचीने आधीच होकार दिलेला असतो. कोड कंपाइल होतो, टेबलात ओळ दिसते, आणि तिचा परिणाम शून्य. पॅचमध्ये आपल्याला बदलाच्या आजूबाजूच्या तीनच ओळी दिसतात. ढोबळ एंट्री दोनशे ओळी वर असली तर ती नजरेच्या टप्प्यात येतच नाही. म्हणून टेबलातला बदल तपासताना पूर्ण फाइल उघडून तो व्हेंडर आयडी शोधायचा, ही सवय मी स्वतःला लावून घेतली आहे.

क्लास एफएफचा अर्थ ‘कंपनीने स्वतः ठरवलेलं’ असा. म्हणजे त्यापुढचे सबक्लास आणि प्रोटोकॉल हे आकडे त्या कंपनीपुरतेच अर्थपूर्ण. एका कंपनीचा सबक्लास ४२ आणि दुसरीचा ४२ यांचा काही संबंध नाही. कर्नलच्या यूएसबी मॅचमध्येच याची काळजी घेतली आहे: आख्ख्या डिव्हाइसचा क्लास एफएफ असेल आणि एंट्रीत व्हेंडर आयडी सांगितलेला नसेल, तर इंटरफेसच्या क्लासवरून जुळणी होतच नाही. पण ही काळजी डिव्हाइसच्या क्लासपुरती आहे. डिव्हाइसचा क्लास शून्य ठेवून इंटरफेसना एफएफ देणारी हार्डवेअर पुष्कळ असतात. तिथे व्हेंडरशिवाय लिहिलेली एफएफची एंट्री भलत्यांच्याही डिव्हाइसवर हात टाकते.

क्लासवरून जुळवणं वाईट असतं असं मात्र नाही. जिथे क्लासमागे खरं प्रमाणीकरण आहे तिथे तोच योग्य मार्ग. एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्कचा ड्रायव्हर पीसीआय क्लास ०१०८०२ पाहतो आणि कुठल्याही कंपनीची एनव्हीएमई डिस्क स्वीकारतो. रोज नव्या डिस्कचा नंबर जोडत बसावं लागत नाही. त्याच टेबलात क्लासच्या एंट्रीच्या वर काही ठरावीक डिस्कच्या एंट्री असतात, ज्यांच्या वागण्यात काही विचित्रपणा आहे म्हणून ड्रायव्हरला वेगळं वागावं लागतं. नेमक्या वर, ढोबळ शेवटी. हा क्रम उलटा झाला तर काय होईल ते वर आलंच आहे.

आता टेबलाचा शेवट. टेबलाला लांबी नसते. सगळे आकडे शून्य असलेली एंट्री दिसली की टेबल संपलं, असा संकेत आहे. ती रिकामी एंट्री राहून गेली तर कर्नल टेबलाच्या पलीकडची मेमरी एंट्री समजून वाचत सुटतो. पुढे काय पडलंय त्यावर सगळं अवलंबून. टेबल बाहेर जाहीर केलेलं असेल तर बिल्डच्या वेळी मॉडपोस्ट हे साधन ही चूक पकडतं आणि बिल्ड थांबवतं. ड्रायव्हर आतल्या आत वापरत असलेल्या खासगी टेबलांना ते संरक्षण नाही, त्यामुळे तिथे माणसानेच डोळ्यांत तेल घालून पाहायचं.

यूएसबीच्या बाबतीत एक बारीक गोष्ट आणखी आहे. बाकी सगळे आकडे शून्य आणि फक्त सोबतची खासगी माहिती (ड्रायव्हरने एंट्रीसोबत स्वतःसाठी ठेवलेली) शून्य नसलेली, अशी एंट्री म्हणजे शेवट नव्हे. तिचा अर्थ ‘मला प्रत्येक डिव्हाइस दाखवा, मी बघतो’ असा होतो. हे मुद्दाम ठेवलेलं आहे, आणि क्वचित कुणाला त्याची गरजही पडते. पण मॅक्रो (तयार साचा) न वापरता हाताने लिहिलेल्या एंट्रीत जुळणीचे आकडे भरायचे राहून गेले आणि खासगी माहिती तेवढी भरली, तर हा अर्थ न मागता पदरात पडतो.

डेव्हलपरच्या मशीनवर न दिसणारी चूक

या एका चुकीवर जरा थांबायला हवं, कारण मी पाहिलेल्या नव्या ड्रायव्हरांमध्ये ती पुन्हा पुन्हा भेटते.

ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून बांधला असेल तर डिव्हाइस जोडण्याच्या क्षणी तो मेमरीत नसतोच. मग मॅच करणार कोण? इथे एक वेगळी साखळी काम करते. ड्रायव्हरच्या लेखकाने टेबलाखाली एक मॅक्रो लिहायचा असतो, मॉड्यूल डिव्हाइस टेबल. बिल्डच्या वेळी मॉडपोस्ट तो पाहून प्रत्येक एंट्रीची एक अक्षरमाळ बनवतो: व्हेंडर ०४०३, प्रॉडक्ट ६००१, बाकी काहीही चालेल, अशा अर्थाची. डेपमॉड हे साधन या सगळ्या माळा एका फाइलीत गोळा करतं. डिव्हाइस जोडलं की कर्नल त्याची स्वतःची माळ, मॉडअलायस, यूजरस्पेसला (कर्नलबाहेरच्या प्रोग्रामांना) कळवतो. तिथला यूडेव्ह हा प्रोग्राम ती फाइल चाळायला लावतो आणि जुळलेलं मॉड्यूल लोड होतं. त्यानंतर कर्नलमधलं नेहमीचं मॅच होतं.

तो मॅक्रो विसरला तर कर्नलमधलं मॅच बिनचूक असतं, पण मॉड्यूल लोड करायला कुणी येत नाही. डेव्हलपर मात्र काम करताना दर वेळी मॉड्यूल हाताने लोड करत असतो. हाताने लोड केलं की सगळं चालतं. त्यामुळे ज्याच्याकडे हार्डवेअर आहे त्याच एकमेव माणसाला ही चूक दिसत नाही, आणि वापरणाऱ्याला वाटतं की लिनक्समध्ये या डिव्हाइसला आधारच नाही. मॉडइन्फो कमांडने मॉड्यूलची माहिती काढून अलायसच्या ओळी आहेत का, एवढं पाहिलं तरी पुरतं. मी पाठवणाऱ्याला सरळ विचारते: “मशीन बंद करून चालू केल्यावर, काहीही हाताने न करता, डिव्हाइस लावल्याबरोबर ड्रायव्हर आला का?” हो की नाही, एवढंच उत्तर हवं असतं.

याचीच दुसरी बाजू: दोन टेबलं असलेला ड्रायव्हर. आयटूसीवरच्या अनेक ड्रायव्हरांत एक टेबल जुन्या पद्धतीच्या नावांचं आणि एक डिव्हाइस ट्रीचं असतं. नवी चिप एकात जोडली आणि दुसऱ्यात राहिली, किंवा दोन्हीत जोडली पण सोबतची खासगी माहिती वेगवेगळी दिली, तर तीच चिप कुठल्या वाटेने ओळखली गेली यावर तिचं वागणं ठरू लागतं.

एकच नंबर, दोन मालक

आयडी अद्वितीय असायला हवा हे झालं नियमाचं. प्रत्यक्षात स्वस्त चिपा घेऊन वस्तू बनवणारे अनेक उत्पादक चिपचा मूळ आयडी तसाच ठेवतात. मग आयडी चिपबद्दल खरं सांगतो, वस्तूबद्दल काहीच सांगत नाही.

याचं ढळढळीत उदाहरण २०२२ साली उबुंटू २२.०४ हे लिनक्स वापरणाऱ्यांनी अनुभवलं. सीएच३४० ही यूएसबी-सीरियल चिप असंख्य अर्डुइनोसारख्या बोर्डांवर असते. तिचा आयडी १ए८६:७५२३. एका ब्रेल डिस्प्लेतही तीच चिप, तोच आयडी. दृष्टिहीन वापरकर्त्यांसाठी असलेल्या बीआरएलटीटीवाय या प्रोग्रामच्या यूडेव्ह नियमात हा आयडी ब्रेल डिस्प्लेचा म्हणून नोंदलेला होता. बोर्ड लावला की कर्नलचा सीरियल ड्रायव्हर त्याचा ताबा घ्यायचा, पोर्ट क्षणभर दिसायचा, आणि लगेच बीआरएलटीटीवाय तो इंटरफेस काढून घ्यायचा. लोक आपला बोर्ड खराब झाला समजून बसले. यावर अनेकांनी सुचवलेला उपाय म्हणजे तो प्रोग्रामच काढून टाकणं. ज्यांना स्क्रीन वाचायला ब्रेल डिस्प्लेच लागतो त्यांच्यासाठी हा उपाय नव्हे, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. दोष त्या प्रोग्रामच्या असण्याचा नव्हता. एका सामायिक आयडीवर पूर्ण मालकी सांगण्याचा होता.

दुसरं उदाहरण २०१४ च्या ऑक्टोबरमधलं. वर जिचे अठरा बाइट पाहिले त्या एफटीडीआय चिपच्या नकला बाजारात होत्या, त्याही ०४०३:६००१ हीच ओळख सांगणाऱ्या. कंपनीच्या नव्या विंडोज ड्रायव्हरने अशा नकली चिपा हुडकून त्यांच्या आतला प्रॉडक्ट आयडी कायमचा ०००० करून टाकला. विंडोजवर ती डिव्हाइस कुणाशीच जुळेनाशी झाली. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये मग ०४०३:०००० ही एंट्री जोडली गेली, म्हणजे ज्यांच्या हातात अशी केबल राहिली त्यांचं काम अडू नये. टेबलातली ती ओळ आजही वाचणाऱ्याला कोड्यात टाकते, कारण शून्य प्रॉडक्ट आयडी कुणी मुद्दाम घेत नाही. अशा ओळीशेजारी टिप्पणी असणं किती गरजेचं, ते तिथे कळतं.

संपूर्ण मशीनच ओळखायची असते तेव्हा, म्हणजे अमुक लॅपटॉपवर अमुक वागणूक बदला असं सांगायचं असतं तेव्हा, डीएमआयमधली (मशीनच्या फर्मवेअरने दिलेल्या माहितीतली) उत्पादक आणि मॉडेलची नावं तपासली जातात. तिथली नेहमीची जुळणी अंशतः चालते: दिलेली अक्षरं नावात कुठेही आली तरी होकार. एखाद्या मॉडेलचं नाव दुसऱ्या मॉडेलच्या नावात सामावलेलं असेल तर दोन्ही पकडली जातात. काही मदरबोर्डांवर तर उत्पादकाने नाव भरलेलंच नसतं, तिथे ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ हे मूळचं वाक्य तसंच राहिलेलं असतं. हे वाक्य कुणी जुळणीत वापरलं तर आपण एक मशीन पकडतोय असं त्याला वाटतं, आणि प्रत्यक्षात शेकडो वेगवेगळ्या बोर्डांवर जाळं पडतं. पूर्ण नाव जुळवणारा वेगळा मॅक्रो उपलब्ध आहे. तो का वापरला नाही, हा प्रश्न मी दर वेळी विचारते.

होकारानंतरचा संशय

मॅच झालं याचा अर्थ डिव्हाइसने तसं म्हटलं. ते खरं बोलतंय हे अजून सिद्ध व्हायचं असतं. खिशात मावणारं एखादं बोर्ड प्रोग्राम करून त्याला हवा तो व्हेंडर आयडी सांगायला लावता येतं, आणि यूएसबी पोर्ट बाहेरच असतो.

जुने यूएसबी ड्रायव्हर प्रोबमध्ये गृहीत धरायचे की आयडी जुळला म्हणजे दोन एंडपॉइंट (डेटाचे मार्ग) असणारच, एक आत येणारा आणि एक बाहेर जाणारा. सिझकॉलर या फझिंग साधनाने (मुद्दाम वेडंवाकडं इनपुट देऊन दोष शोधणाऱ्या) कर्नलपुढे खोटी यूएसबी डिव्हाइस उभी केली तेव्हा या गृहीतकाने ढिगाने बग बाहेर आले: एंडपॉइंट नव्हताच, आणि ड्रायव्हर नल पॉइंटरमागे, म्हणजे शून्य पत्त्यामागे, धावला. आता एंडपॉइंट शोधून देणारी, न सापडल्यास चूक परत करणारी तयार फंक्शन आहेत. प्रोब वाचताना मी मनात एकच डिव्हाइस उभं करते: आयडी बरोबर, बाकी सगळं खोटं. एकही एंडपॉइंट नसलेलं, लांबी चुकीची सांगणारं, मध्येच गप्प बसणारं. ते प्रोबच्या प्रत्येक ओळीवरून चालवत न्यायचं.

आयडीसोबतच्या खासगी माहितीलाही हाच संशय लागू होतो. अनेक ड्रायव्हर त्यात पॉइंटर ठेवतात आणि प्रोबमध्ये बेधडक वापरतात. पण सिसएफएसमधल्या (कर्नल फाइलींच्या रूपात उघडी ठेवतो त्या माहितीतल्या) ‘न्यू आयडी’ फाइलमध्ये लिहून चालत्या कर्नलला नवा आयडी देता येतो, आणि यूएसबीत अशा एंट्रीसोबत खासगी माहिती शून्य येऊ शकते. शून्याचा पॉइंटर समजून वापर झाला की कर्नल कोसळतो. पीसीआयने इथे आधीच कुंपण घातलंय: बाहेरून दिलेली माहिती टेबलातल्या एखाद्या एंट्रीशी जुळली तरच घेतली जाते.

नकार कसा दिला जातो तेही पाहायचं. ‘हे माझं नाही’ याला एक ठरलेला कोड आहे, आणि तो दिला तर कर्नल लॉगमध्ये आरडाओरडा न करता पुढे सरकतो. ‘मला लागणारं घड्याळ किंवा वीजपुरवठा अजून तयार नाही, नंतर बोलवा’ याला दुसरा. दुसऱ्याच्या जागी साधी चूक परत केली तर डिव्हाइस ताब्याविना राहतं, कारण कर्नल पुन्हा विचारायला येत नाही. हा दोषही बूटच्या क्रमावर अवलंबून, म्हणजे पुन्हा तीच ‘कधीकधी चालतं’ची तक्रार.

नवे आयडी स्थिर कर्नलमध्येही, म्हणजे आधीच वापरात असलेल्या आवृत्त्यांतही, घेतले जातात. तिथल्या नियमांत नवीन फीचरला मज्जाव असला तरी डिव्हाइस आयडीची भर चालते, आणि पॅच आजूबाजूच्या ओळींसकट १०० ओळींच्या आत असावा लागतो. म्हणजे हा एका ओळीचा पॅच सर्वांत वेगाने सर्वांत दूर जाणाऱ्या पॅचपैकी असतो. माझा अर्धा दिवस तिथे का गेला, त्याचं हेच कारण.

मॉडेमच्या पॅचचं उत्तर तीन दिवसांनी आलं. पाठवणाऱ्याने पूर्ण आउटपुट जोडलं होतं: सहा इंटरफेस, सगळ्यांचा क्लास एफएफ, आणि ४ क्रमांकासमोर ड्रायव्हरच्या जागी सीरियल ड्रायव्हरचंच नाव. त्याने लिहिलं होतं, “तुम्ही विचारल्यावर पाच वेळा रीबूट करून पाहिलं. दोनदा नेटवर्क आलंच नाही. आधी मला वाटायचं सिमचा प्रॉब्लेम आहे.” दुसऱ्या आवृत्तीतही बदल एकाच ओळीचा होता. फक्त तिच्या शेवटी ४ आणि ५ हे दोन इंटरफेस राखीव केलेले होते.